बॅटरीकाकांचा पहिला नंबर

दिनांक ८ नोव्हेंबर, शनिवार. मंडळाच्या खात्यावर शिल्लक रुपये २,३४६ आणि पैसे ५०. हजर सभासद सहापैकी सहा. विषय एकच: नियमावलीत नवे कलम घालणे.

माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. मी वाणिज्य शाखेचा माणूस. एका शीतगृहाच्या हिशेब खात्यात पस्तीस वर्षं काढली, येत्या मार्चअखेर निवृत्त होईन. वहीत काय लिहावं आणि काय लिहू नये हे मला चांगलं कळतं. पण त्या दिवशी जे घडलं ते नोंदीत मावणारं नव्हतं, म्हणून हे वेगळ्या कागदावर लिहितो आहे.

आमचं मंडळ सिनेमावेड्यांचं. दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात जमतो. त्या दातांच्या डॉक्टर. शनिवारी संध्याकाळी त्या पेशंट घेत नाहीत, त्यामुळे बाहेरची खोली रिकामी असते. भिंतीला लागून आठ खुर्च्या आणि समोर किडलेल्या दाढेचं मोठं रंगीत चित्र. त्या दाढेकडे बघत आम्ही जगातला सर्वांत चांगला पिक्चर कोणता यावर अकरा वर्षं भांडतो आहोत. माझी बायको याला ‘दातांचं मंडळ’ म्हणते. कोणाचा फोन आला तर सांगते, “ते नाहीत घरी, दाढेखाली बसलेत.”

मंडळाच्या तीन पद्धती आहेत. पहिली, पिक्चरचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की कोणीतरी मोबाइल काढतो, त्यातलं काहीतरी वाचून दाखवतो आणि चांगला रंगलेला वाद तिथेच मरतो. म्हणून आम्ही खाणीचा पिक्चर, सावत्र बहिणींचा पिक्चर, टायपिस्टचा पिक्चर असंच म्हणतो. दुसरी, शेवट सांगायचा नाही. एकाने न पाहिलेला पिक्चर दुसऱ्याने फोडला तर सगळ्यांच्या चहाचे पैसे फोडणाऱ्याने भरायचे. तिसरी, नोव्हेंबरात प्रत्येकाने आपले सार्वकालिक पाच पिक्चर क्रमाने मांडायचे, इतरांनी उलटतपासणी घ्यायची आणि टिकलेली यादी मी वहीत उतरवायची.

खाणीचा पिक्चर मास्तरांचा. मास्तर शाळेत पदार्थविज्ञान शिकवतात आणि जगात सिद्ध न होणारी गोष्ट असू शकते हे त्यांना मुळातच मान्य नाही. सावत्र बहिणींचा डॉक्टरीणबाईंचा. कोर्टातल्या टायपिस्टचा माझा. त्यात एक साधी टायपिस्ट निकालपत्रातली आकड्याची चूक पकडते आणि त्यावरून सगळं उलटतं. “तुम्हाला दुसरा कुठला आवडणार?” असं डॉक्टरीणबाई दर वर्षी म्हणतात. “त्यात कोणी प्रेमात पडतं का हो, की फक्त बेरीज जुळते?”

आणि भिंतीचा पिक्चर बॅटरीकाकांचा.

बॅटरीकाका एका थिएटरात डोअरकीपर होते. तेहेतीस वर्षं. आठशे बारा खुर्च्यांचं एकपडदा थिएटर, आता तिथे टाइल्सचं गोदाम आहे. अंधारात उशिरा आलेल्या माणसाला हातातल्या बॅटरीच्या उजेडात त्याच्या खुर्चीपर्यंत न्यायचं, हे त्यांचं काम. ठेंगणे, सडपातळ, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. बोलणं कमी. पण यादीच्या दिवशी त्यांचा पाच मिनिटांचा वेळ आला की डॉक्टरीणबाईसुद्धा फोन उलटा ठेवायच्या.

कारण त्यांचं पिक्चर बघणं आमच्यासारखं नव्हतं. आम्ही पडदा बघितलेला, त्यांनी पाय बघितलेले.

“उजेड पायांवर टाकायचा, तोंडावर टाकायचा नाही,” त्यांनी एकदा समजावून सांगितलं होतं. “पहिल्या दिवशी तेच शिकवतात. अंधारात बसलेल्या माणसाच्या तोंडावर उजेड टाकणं म्हणजे त्याला उघडं पाडणं. मग आपल्याला काय दिसणार? पाय. चपला काढून बसलेले, एकावर एक टाकलेले, हलणारे. पिक्चर कंटाळवाणा झाला की पाय आधी बोलतात, माणूस नंतर जांभई देतो.”

गेल्या वर्षी मास्तर खाणीच्या पिक्चरची थोरवी गात होते. कॅमेरा कुठे ठेवला, धूळ कशी उडवली, सगळं. बॅटरीकाका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “मास्तर, चांगलाच आहे तो. पण खाण कोसळल्यावर बारा मिनिटं पाय गप्प होते आणि नंतर मंत्र्याचं भाषण आलं तसे परत हलायला लागले. कापायला हवं होतं ते भाषण.”

मास्तर उसळले. “ते भाषण म्हणजे पिक्चरचा गाभा आहे!”

“असेल. पण गाभ्याला पाय हलत होते.”

आम्ही इतके हसलो की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकीतून डोकावून कोणाची दाढ काढताय का म्हणून विचारलं. पुढे मास्तरांनी घरी जाऊन तो भाग घड्याळ लावून पाहिला. खाण कोसळल्यापासून भाषणापर्यंत बारा मिनिटं आणि वर वीस सेकंद. पुढच्या शनिवारी ते स्वतःच हे सांगत आले, आणि सांगताना त्यांचा चेहरा एखाद्या अवघड प्रयोगाचं उत्तर बरोबर आल्यासारखा होता.

अशा माणसाच्या वाटेत मी आडवा आलो, तो माझ्या शिस्तीमुळे.

झालं असं की आमच्यातला सगळ्यात धाकटा सभासद म्हणजे चष्मेवाला. त्याने आपल्या यादीत दुसऱ्या नंबरावर एक पिक्चर टाकला होता, आणि उलटतपासणीत मास्तरांनी त्याच्याकडून वदवून घेतलं की मध्यंतरानंतर तो झोपला होता. वाद पेटला. मला वाटलं, याला आळा घातला पाहिजे. मी रविवारभर बसून कलम चार तयार केलं: “यादीत समाविष्ट केलेला प्रत्येक चित्रपट सभासदाने पहिल्या दृश्यापासून अंतिम दृश्यापर्यंत किमान एकदा पूर्ण पाहिलेला असावा, तसे नसल्यास सदर चित्रपट वहीतून कमी करण्यात येईल.” टाइप केलं, खाली सहा रेघा मारल्या, प्रत्येक रेघेखाली ‘सभासदाची सही’.

८ नोव्हेंबरला कागद फिरला. डॉक्टरीणबाईंनी सही केली. मास्तरांनी वाचून केली. चष्मेवाल्याने कान पकडून केली. सहावे सभासद म्हणजे कुलूपवाले, किल्ल्या बनवून देणारे. त्यांनी केली. मी केली. कागद बॅटरीकाकांकडे गेला आणि तिथेच थांबला.

“चष्मा विसरलात का?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“नाही. वाचलं मी.” त्यांनी पेनाला टोपण लावून ते कागदावर ठेवलं. “मला सही करता यायची नाही. माझे सगळेच कमी करा.”

“सगळे म्हणजे?”

“पाचही. मी आजवर एकही पिक्चर पुरा पाहिलेला नाही.”

मग चष्मेवाला हसला, गंमत समजून. बॅटरीकाका हसले नाहीत.

त्यांनी सांगितलं ते असं. पिक्चर सुरू झाला की पहिली पंधरा मिनिटं उशिरा येणाऱ्यांची. त्यांना खुर्च्या दाखवताना पडद्याकडे पाठच असायची. आणि शेवटी? थिएटरचा बाहेर पडायचा रस्ता मागच्या बोळात होता. सात पायऱ्या आणि दोन लोखंडी फाटकं. त्यांच्या आधी कधीतरी तिथे फाटक उघडलेलं नसताना गर्दी लोटली होती आणि माणसं जखमी झाली होती. तेव्हापासून मालकांचा हुकूम: शेवटाच्या सात मिनिटं आधी दोन्ही फाटकं उघडून, आकड्यांत अडकवून, डोअरकीपरने खालच्या पायरीवर उभं राहायचं. पलीकडे छापखाना. त्याच्या धडधडीत आतलं काही ऐकू यायचं नाही. सात मिनिटांनी दारं उघडायची आणि लोक बाहेर यायचे.

“तेहेतीस वर्षं?” मास्तर म्हणाले.

“तेहेतीस.”

“आणि सुट्टीच्या दिवशी? दुसऱ्या थिएटरात जाऊन बघता आला असता.”

बॅटरीकाकांनी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. “बाई, तुम्ही सुट्टीच्या दिवशी दुसऱ्यांच्या दवाखान्यात जाऊन दात बघता का?”

डॉक्टरीणबाईंनी नुसती मान हलवली.

मला मात्र राहवलं नाही. मी कागद ओढला आणि हिशेब केला. भिंतीचा पिक्चर एकोणतीस वर्षांपूर्वी एकतीस आठवडे चालला होता हे त्यांच्याच तोंडून अनेकदा ऐकलेलं. आठवड्याची एक सुट्टी वजा, रोज तीन खेळ. पाचशे अठ्ठावन्न. या माणसाने एकच पिक्चर पाचशे अठ्ठावन्न वेळा मधूनच पाहिला होता आणि एकदाही त्याचा शेवट पाहिला नव्हता. तरी अकरा वर्षं तो त्यांच्या यादीत पहिला होता, आणि अकरा वर्षं आमच्यापैकी एकालाही तो तिथून हलवता आला नव्हता.

“पण मग पहिला नंबर कशावरून?” मी विचारलं. “शेवट माहीत नसताना?”

“शेवट माहीत नाही असं कुठे म्हटलं? बघितला नाही म्हटलं.” त्यांनी हाताने पायऱ्यांचा उतार दाखवला. “मी खालच्या पायरीवर उभा. लोक वरून उतरत यायचे. प्रत्येक पिक्चरचे लोक वेगळे येतात. मारामारीच्या पिक्चरचे खांदे उडवत येतात. रडक्या पिक्चरचे एकमेकांकडे न बघता येतात. बोळ अरुंद, फाटकाशी ढकलाढकली ठरलेली. पण भिंतीच्या पिक्चरला फाटकाशी कोणी ढकललं नाही. माणूस यायचा, थांबायचा, मागच्याला म्हणायचा, तुम्ही व्हा पुढे. तो म्हणायचा, नाही, तुम्ही. रोज. तिन्ही खेळांना. बाजारचे हमाल, कॉलेजची पोरं, सगळे. एकतीस आठवडे. मी तसं परत कधी बघितलं नाही.”

त्यांनी शर्टाचं वरचं बटण चाचपलं.

“असा पिक्चर ज्याने काढला,” ते म्हणाले, “त्याला मी पहिला नाही तर कितवा नंबर देणार?”

कुलूपवाल्यांनी हळूच माझा कागद उचलला आणि म्हणाले, “हे कलम फाडून टाकू या.” चष्मेवालाही म्हणाला, फाडा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काकांपुरता अपवाद करा. मी तर लगेच तयार होतो. पण बॅटरीकाका उठले.

“अपवाद नको. कलम बरोबर आहे. मी नियमाने फाटक उघडलं, नियमाने शेवट सोडला. आता नियमातून सूट मागितली तर त्या सगळ्याला अर्थ काय?” आणि दारातून वळून ते मला म्हणाले, “भाऊसाहेब, वहीतून कमी करा.”

मी केले नाहीत. वही तशीच बंद केली.

पुढचे दोन शनिवार ते आले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात मास्तरांनी बातमी आणली: भिंतीच्या पिक्चरची चांगली प्रत एका कॉलेजच्या संग्रहात आहे, आणि त्यांच्या शाळेतला प्रोजेक्टर रविवारी मिळू शकतो. हे सगळं त्यांनी कोणी न सांगता, शाळा सुटल्यावर तीन ठिकाणी खेटे घालून जमवलं होतं. विचारायला जाण्याचं काम माझ्यावर आलं. कलम माझं, तेव्हा पाय माझेच झिजायला हवेत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बॅटरीकाका मुलाकडे राहतात, चौथ्या मजल्यावर. दार सुनेने उघडलं. ती एका गोदामात माल उतरवून घेण्याचं काम बघते, नुकतीच घरी आली होती. आतल्या खोलीत टीव्ही चालू होता आणि काका भिंतीला पाठ लावून उभ्याने बघत होते.

“बसत नाहीत ते,” सून हळू आवाजात म्हणाली. “मालिका संपायला आली ना, की उठून जिन्याचं दार उघडतात. मी म्हणते, बाबा, चौथ्या मजल्यावर कोण बाहेर पडणारे? माझं मांजर पडतं तेवढं.”

“ऐकू येतंय मला,” आतून काका म्हणाले.

मी सगळं सांगितलं. प्रत मिळाली आहे, रविवारी सकाळी अकरा वाजता दवाखान्यात, तुम्ही फक्त या. त्यांनी टीव्ही बंद केला. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. ते घाबरलेले दिसले.

“आणि नाही आवडला तर?”

“म्हणजे?”

“भाऊसाहेब, तुमच्याकडे शंभर पिक्चर आहेत. एक खाली गेला तर दुसरा वर चढेल. माझे बाकीचे चार नुसते यादी भरायला आहेत. माझ्याकडे हा एकच आहे. सात पायऱ्या उतरून येणारे लोक मी रोज डोळ्यासमोर आणतो. आता आत जाऊन बसलो, आणि शेवट अगदीच काहीतरी निघाला, गाणं म्हणत सगळे नाचतायत, तर मी काय करू? ते लोकही गेले माझे.”

हिशेबात एक खातं बंद करताना दुसरं उघडावं लागतं, एवढंच मला माहीत. सून मात्र पाण्याचा ग्लास ठेवत म्हणाली, “बाबा, तुम्ही घरी सांगता ते लोक खोटं चालत आले असतील का? एवढे सगळे?”

त्यांनी ग्लास रिकामा केला. मग विचारलं, “दवाखान्याचं दार अजून आतच उघडतं ना?”

“हो,” मी म्हणालो.

“बघा, ते चुकीचं आहे,” ते म्हणाले. “येतो मी.”

रविवारी सकाळी आम्ही दाढेचं चित्र उतरवलं. भिंतीवर तिथे पांढरा चौकोन निघाला, पडद्याला अगदी हवा तेवढा. खिडक्यांना जाड कापड लावलं. काका सुनेबरोबर आले, शर्टाला इस्त्री, केस ओले. सुरू करण्याआधी मास्तरांनी एक पाकीट पुढे केलं.

“रागावू नका काका. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. तुम्ही म्हणता, शेवट तुम्हाला माहीत आहे. तो यात लिहून द्या. मी पिक्चर पाहिलेला नाही, प्रत आणली तरी लावून बघितलेली नाही. नंतर सगळ्यांसमोर उघडू.”

“मास्तर, सिनेमा आहे हा, परीक्षा नाही,” डॉक्टरीणबाई चिडल्या.

पण काकांनी पेन मागितलं. तिकिटाएवढ्या कागदावर काहीतरी लिहिलं, घडी केली, पाकिटात टाकलं. मास्तरांनी पाकीट शर्टाच्या खिशात ठेवलं. मग सुनेने काकांना खांद्याला धरून अक्षरशः खुर्चीत बसवलं.

भिंतीचा पिक्चर असा आहे. एक गवंडी सतरा वर्षांनी तुरुंगातून सुटतो. तो आत गेला तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. आता ती शिकवण्या घेऊन घर चालवते. बाप कोण हे तिला माहीत नाही, मेला असं सांगितलेलं आहे. तिच्या घरासमोर एक लांब भिंत बांधायचं काम निघतं आणि हा त्या कामावर लागतो. रोज ती समोरून जाते. तो रोज एक ओळ विटा चढवतो. ओळख सांगायचं त्याच्या जिभेवर येतं आणि भिंत तेवढी वर जाते. एवढीच गोष्ट आहे. मी तो पूर्वी पाहिला नव्हता आणि मला कबूल केलं पाहिजे की मध्यंतरापर्यंत मी माझ्या टायपिस्टला मनातल्या मनात खाली उतरवून ठेवलं होतं.

पहिली पंधरा मिनिटं काका तोंड किंचित उघडं ठेवून बघत होते. सुरुवातही त्यांना नवीनच होती. मग ओळखीचा भाग आला आणि त्यांचे ओठ हलायला लागले. प्रत्येक वाक्य पात्राच्या क्षणभर आधी. मी पडद्याकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने बघत होतो. पाचशे अठ्ठावन्न हा आकडा मी कागदावर काढला होता. तो कसा दिसतो ते आता कळलं. एका जागी त्यांनी पुटपुटून सांगितलं, “इथे कोणीतरी खोकायचं. नेहमी.” आणि कुलूपवाले खोकले. ते मुद्दाम खोकले नव्हते, शपथ घेतो.

शेवट जवळ आला. पडद्यावर भिंत पुरी होत आली, मधे एक माणूस जाईल एवढीच फट उरली. काकांच्या ओठांची हालचाल थांबली. त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि ते अर्धे उठले. अंगाला लागलेली वेळ होती ती, घड्याळाची गरज नव्हती. सुनेने त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

“बसा बाबा. दार मी केव्हाच उघडून ठेवलंय.”

खरंच, जिन्याकडचं दार सताड उघडं होतं. उजेडाची एक पट्टी फरशीवर पडली होती. काका बसले.

मंडळाच्या पद्धतीप्रमाणे मी शेवट सांगू नये. पण या एका शेवटासाठी मी सगळ्यांचा चहा आधीच भरून टाकला आहे, म्हणून सांगतो. मुलगी त्या फटीपाशी येते. बापाच्या हातात शेवटच्या विटांची पाटी असते. फट एकाच माणसापुरती. तो पाटी घेऊन भिंतीला पाठ लावून बाजूला होतो, तिला वाट देतो. ती जाते. संगीत नाही, बोलणं नाही. नुसता तिच्या चपलांचा आवाज. आणि मग तो आवाज थांबतो. ती चार पावलांवर मागे वळते. काहीच विचारत नाही. उन्हात डोळ्यांवर हात धरून ती त्याच्याकडे बघत उभी राहते, तो बाहेर यायची वाट बघत. आणि तो पाटी खाली ठेवतो. संपलं.

कोणी दिवा लावला नाही. मास्तर शाळेतल्या मुलांवर पिक्चर संपला की आधी प्रोजेक्टर बंद करा म्हणून ओरडणारे. तेच हात मांडीवर ठेवून बसले होते. शेवटी त्यांनी खिशातून पाकीट काढलं, मोबाइलच्या उजेडात कागद उलगडला. त्यांनी वाचला, चष्मा काढला, परत घातला आणि परत वाचला.

“मोठ्याने वाचा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मास्तरांनी वाचलं: “तो बाजूला होतो. ती पुढे जाते. बोलत कोणीच नाही.”

एका माणसाने छापखान्याच्या धडधडीत, खालच्या पायरीवर उभं राहून, न पाहिलेलं दृश्य हजारो अनोळखी लोकांच्या चालण्यावरून वाचलं होतं. मास्तर उठून काकांसमोर गेले. ते कागद पुढे धरून उभे राहिले, वर्गात पहिल्या आलेल्या मुलाला प्रगतिपुस्तक द्यावं तसे.

काकांनी कागद घेतला नाही. ते अजून त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघत होते.

“ती वळते,” ते म्हणाले.

“हो,” मी म्हणालो.

“हे मला नव्हतं माहीत.” त्यांनी चौकोनाकडे बोट केलं. “एकोणतीस वर्षं मी तिला तशीच जाऊ दिली हो.”

सुनेने तोंड फिरवलं. डॉक्टरीणबाईंनी पेशंटसाठी ठेवलेला कापूस उचलला, एक बोळा स्वतः घेतला आणि बाकीचा पुढे सरकवला. खोलीभर तो फिरला.

मग डॉक्टरीणबाईंनीच दिवा लावला आणि नेहमीच्या आवाजात, पेशंटला विचारावं तसं विचारलं, “मग काका? पहिला की कितवा?”

“पहिलाच,” काका म्हणाले. “पण आत्तापर्यंत मी त्याला कमी समजत होतो.” आणि मला म्हणाले, “आणा तो कागद. करतो सही. बाकीचे चार मात्र कमी करा, ते अजून पाहायचे आहेत.”

मी वही काढली आणि त्यांच्यासमोरच चार नावांवर रेघ मारली. एका ओळीची यादी असलेले ते आमचे एकमेव सभासद आहेत.

सून तिथून थेट कामावर गेली, म्हणून परतताना काका आणि मी एका बसने निघालो. रविवार दुपार, बस अर्धी रिकामी. त्यांनी खिडकीची जागा घेतली. दोन थांब्यांनंतर ते म्हणाले, “भाऊसाहेब, तेहेतीस वर्षांत आमच्याकडे किती पिक्चर लागले असतील?”

मी हिशेब केला. वर्षाला सरासरी अठरा धरले तरी पाचशे चौऱ्याण्णव. सहाशे म्हणा.

“म्हणजे सहाशे शेवट,” ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. अडुसष्ट वर्षांचा माणूस. माझी मार्चअखेर सगळी खाती मिटवून द्यायची यादी तयार आहे, टेबलाच्या खणात काय ठेवायचं आणि काय टाकायचं हेही मी लिहून काढलं आहे. आणि हा माणूस खिडकीशी बसून बोटांवर मोजत होता. कुठल्या पिक्चरचे लोक हसत उतरले, कुठल्याचे मान खाली घालून. पहिला कुठला बघायचा. डॉक्टरीणबाईंचा सावत्र बहिणींचा आधी बघावा, असं ते म्हणाले. त्याला पायऱ्यांवर बायका थांबून थांबून मागे बघत होत्या, कशासाठी ते त्यांना कधी कळलं नव्हतं. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.

“पुढच्या रविवारी चालेल?” त्यांनी विचारलं.

“चालेल,” मी म्हणालो.

कंडक्टर आला तेव्हा माझ्याकडे पाचशेची एकच नोट होती. माझ्या तिकिटाचे चौदा रुपये काकांनी दिले. ते मला अजून त्यांना द्यायचे आहेत.